खालचे चार स्वर

डिचोलीच्या बाजारातून वरात निघाली की आधी ढोल ऐकू येतो, आणि मग माणसांच्या डोक्यांवरून वाट काढत क्लॅरिओनेट येतो. काळी लांब नळी, तिच्यावर चकचकीत चाव्या आणि वाजवणाऱ्याचा चेहरा लालबुंद. गाणं सिनेमातलं, बहुतेक वेळा थोडं वर चढलेलं. मी हे वाद्य असंच ओळखत आले. त्यामुळे मोझार्टनं मरणाच्या दोन महिने आधी याच वाद्यासाठी काहीतरी लिहिलं आणि जगभरचे लोक ते डोळे मिटून ऐकतात, हे कळलं तेव्हा खरं सांगायचं तर मला हसू आलं होतं.

प्रत्यक्ष ऐकलं ते एका सिनेमामुळे. १९८५ चा 'आउट ऑफ आफ्रिका'. त्यात या रचनेचा मधला संथ भाग वाजतो. सिनेमा विसरायला झाला, ते सूर राहिले. मग कॅसेट मिळवली, पुढे सीडी, आता मोबाईल. तीस-एक वर्षं मी हे ऐकते आहे आणि अलीकडे माझं त्याच्याबद्दलचं मत बदललं आहे, म्हणून हा लेख.

रचना तशी साधी सांगता येते. 'ए' या सुरातला क्लॅरिनेट कॉन्चेर्टो, मोझार्टच्या सूचीत क्रमांक ६२२. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वादक आणि त्याच्याभोवती वाद्यवृंद. तीन भाग: पहिला जलद, दुसरा विलंबित, तिसरा पुन्हा जलद आणि फिरून फिरून त्याच मुखड्यावर येणारा. वाद्यवृंदात बासऱ्या दोन, बसून दोन, हॉर्न दोन आणि तंतुवाद्यं. ढोल नाहीत, तुताऱ्या नाहीत. आणि ओबो नाही. ओबो हा आपल्या सनईचा पाश्चात्त्य भाऊ, दोन पत्त्यांच्या जिभेतून बोलणारा, नाकातला आवाज असलेला. मोझार्टनं त्याला इथे बोलावलंच नाही. एका घरात दोन बोलके पाहुणे नकोत, असा हिशेब असावा.

एक गंमत मला कायम वाटत आली आहे. १७८१ मध्ये मोझार्ट साल्झबर्गची नोकरी सोडून व्हिएन्नाला आला आणि १७८८ मध्ये त्यानं शेवटच्या तीन सिंफनी लिहिल्या. याच १७८१ ते १७८८ या वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेले. म्हणजे तिकडे तो लिहीत होता तेव्हा इकडे आमचं युरोपशी नातं नुकतंच जुळत, खरं तर जुंपत होतं. सासष्टी, बारदेस, तिसवाडी यांच्याकडे तोवर दोन-अडीचशे वर्षांची चर्चच्या शाळांची परंपरा होती. तिथल्या मुलांना सोल्फा शिकवत, हातात व्हायोलिन देत. पुढे मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद याच मुलांनी भरले. नव्या काबिजादीत मात्र देवळं टिकली, आणि देवळांबरोबर चौघडा टिकला. त्यांच्याकडे कागदावरचं संगीत, आमच्याकडे फुफ्फुसातलं. एकाच गोव्यात ही दोन जगं राहिली आणि एकमेकांना फारशी भेटली नाहीत.

मी मूळची इथली नव्हे. माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या वखारींच्या गावचं. आमच्याकडे पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत बॅण्ड असे आणि सनईही असे. डिचोलीला शाळेत नोकरी लागली आणि मी इथलीच झाले. कुडणेला जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत ते बघायला पहिल्याच वर्षी गेले होते. परत येताना एका देवळातल्या सायंकाळच्या सनईनं मला थांबवलं, ते वेगळं. सांगायचा मुद्दा असा की वाऱ्याच्या वाद्यांची माझी कानओळख शास्त्रीय मैफलीतली नाही. ती रस्त्यातली आणि देवळातली आहे. मोझार्ट मी त्याच कानांनी ऐकते.

आता ज्याच्यासाठी हे लिहिलं गेलं त्या माणसाकडे येऊ. त्याचं नाव आंतोन स्टॅडलर. व्हिएन्नातला क्लॅरिनेटवादक, मोझार्टचा मित्र. क्लॅरिनेट तेव्हा तरुण वाद्य होतं. १७०० च्या आसपास न्यूरेनबर्गमध्ये जन्मलेलं. बहुतेक वादकांना त्याच्या वरच्या स्वरांची हौस, कारण ते तुतारीसारखे चमकत. स्टॅडलर उलटा माणूस. त्याला खालच्या स्वरांचं वेड. टेओडोर लोट्झ नावाच्या कारागिराकडून त्यानं आपली नळी लांबवून घेतली आणि नेहमीच्या क्लॅरिनेटच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही खाली आणखी चार स्वर मिळवले, म्हणजे चार अर्धस्वर. आज त्या वाद्याला बासेट क्लॅरिनेट म्हणतात. ते दिसायचं कसं हेही लोक विसरून गेले होते. १७९४ मधल्या रिगा शहरातल्या स्टॅडलरच्या मैफलीच्या पत्रकावर त्याचं चित्र आहे, ते १९९२ मध्ये सापडलं: लांब नळी आणि टोकाला आडवा वळलेला गोल फुगीर तोंडाचा भाग.

मोझार्टनं हा कॉन्चेर्टो या वाद्यासाठी लिहिला. आधी तो दुसऱ्याच एका वाद्यासाठी, बासेट हॉर्नसाठी, सुरू केला होता. पहिल्या भागाची १९९ मात्रागणांची ती कच्ची प्रत अजून शिल्लक आहे. मग विचार बदलला. ऑक्टोबर १७९१ मध्ये बायकोला लिहिलेल्या एका पत्रात तो दिवस कसा गेला ते सांगतो: बिलियर्ड खेळलो, घोडा विकला, काळी कॉफी मागवली, पाइप ओढला आणि स्टॅडलरच्या शेवटच्या भागाची वाद्यरचना जवळजवळ पूर्ण केली. किती सहज! पाच डिसेंबरला तो गेला. त्याच्या मागे जी देणी-घेणी लिहिली गेली त्यात स्टॅडलरकडून येणं असलेले ५०० फ्लोरिन आहेत.

आणि मूळ हस्तलिखित? ते नाही. १८०० मध्ये मोझार्टच्या विधवेनं, कॉन्स्टान्झेनं, प्रकाशकाला लिहिलं की स्टॅडलर म्हणतो, जर्मनीत त्याची पेटी चोरीला गेली, पण इतर लोक सांगतात की त्यानं ती पेटी ७३ डुकॅटना गहाण टाकली. यातलं खरं काय ते जाऊ दे. परिणाम असा की १८०१ च्या सुमाराला हा कॉन्चेर्टो छापला गेला तेव्हा तो नेहमीच्या क्लॅरिनेटवर वाजेल असा करून छापला गेला. जिथे सूर त्या चार स्वरांत उतरत होता तिथे कुणीतरी त्याला उचलून एक सप्तक वर ठेवलं. १८०२ मध्ये लाइपझिगच्या एका संगीतपत्रात एका समीक्षकानं ही गोष्ट लिहूनही ठेवली, मूळ कसं होतं ते उदाहरणं देऊन दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही. दीडशे वर्षं जग ही दुरुस्त केलेली प्रतच मोझार्ट म्हणून ऐकत राहिलं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून लांब नळीची वाद्यं पुन्हा बनू लागली, आणि जाबिने मायरसारख्या वादकांनी ते खालचे स्वर परत आणले.

माझं जुनं मत असं होतं की यानं काय बिघडतं? चार स्वरांनी मोझार्ट लहान होत नाही. मी कॅसेटवर जे ऐकलं ते दुरुस्त केलेलंच होतं आणि त्यानंही मला रडवलं होतं. हे मत पुष्कळांचं आहे आणि त्याला एक कारण आहे: आपण सगळे आधी मधला विलंबित भाग ऐकतो. तिथे त्या चार स्वरांचं काम थोडंच आहे. ज्यानं फक्त तोच भाग ऐकला त्याला काय हरवलं ते कळणारच नाही.

पहिला आणि तिसरा भाग दोन्ही प्रकारे ऐका. मग कळतं. पहिल्या भागात क्लॅरिनेट वर जाऊन काही बोलतो, आणि लगेच तळात उतरून त्यालाच उत्तर देतो. वरचा आवाज तरुण, थोडा लाडिक. खालचा जाड, घशातला, किंचित थट्टेखोर. एकाच नळीत दोन माणसं आहेत. दुरुस्त केलेल्या प्रतीत खालच्या माणसाला माडीवर बोलावून घेतलेलं आहे. तोही आता वरच्याच आवाजात बोलतो. संवाद संपतो आणि एकाच माणसाचं सुंदर भाषण उरतं. काही ठिकाणी तर सूर पायऱ्या उतरत येतो, शेवटची पायरी यायच्या आत उडी मारून परत वर जातो. इतकी वर्षं मी या उडीला मोझार्टचा खट्याळपणा समजत होते! ती उडी त्याची नव्हेच. ज्याच्या हातात आखूड वाद्य होतं त्याची ती अडचण होती. तिसऱ्या भागात मध्येच उदास छायेचा एक तुकडा येतो. त्यानंतर वादक वरून खाली, खालून वर लांब लांब झेपा घेतो. तिथेही तळ मिळाला की विनोद होतो, न मिळाला की नुसती कसरत.

म्हणजे हरवली ती खोली नव्हे. हरवला तो दुसरा माणूस.

पण इथे सावध राहायला हवं. हे परत आणलेले स्वर अंदाज आहेत. हस्तलिखित नाही, तेव्हा कुठे खाली उतरायचं ते प्रत्येक वादक आपल्या समजुतीनं ठरवतो. त्या जुन्या परीक्षणातली उदाहरणं आणि ती कच्ची प्रत एवढाच काय तो आधार. काही जण तर सापडेल तिथे तळ गाठतात, नवीन गाडी घेतलेला माणूस जसा कारण नसताना म्हापशाला जाऊन येतो. ते मला आवडत नाही. शिवाय मोझार्टमध्ये राग शोधण्याची आपली जी खोड आहे, हा बिलावल, तो बिहाग, तिचाही इथे उपयोग नाही. त्याची वाक्यं रागाच्या चलनावर उभी नाहीत, ती श्वासावर आणि कोण कुणाला उत्तर देतो यावर उभी आहेत.

श्वासाचं सांगते. पेडणे महालातल्या एका देवळात सनई वाजवणारे एक काका आहेत. सत्तरीच्या पुढचे. दसरा, पुनव, पालखी सगळं त्यांच्या सनईवर निघे. बरोबर सूर्त धरणारा त्यांचा पुतण्या. सूर्त म्हणजे नुसता सूर धरून ठेवणारी सनई, तिनं बोलायचं नाही. हे दोघं गाल फुगवून त्यात हवा साठवतात, ती सोडता सोडता नाकानं आत घेतात. त्यामुळे सूर तुटतच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस श्वास घेतच नाही. मी एकदा मोबाईलवर मोझार्टचा तो विलंबित भाग काढला आणि त्यांना ऐकवला. इयरफोन त्यांनी नको म्हटलं, फोन कानाशी धरला. नगारखान्याच्या पायरीवर बसून ऐकत होते. पहिली ओळ झाली, वाद्यवृंदानं तीच परत म्हटली, आणि काका म्हणाले, "टीचर, हा थांबतो."

मी म्हटलं, "हो काका, त्यांच्यात थांबतात."

"थांबतो आणि बाकीचे सांभाळतात त्याला," ते म्हणाले. "तो दम घेईपर्यंत."

पुस्तकांतून मी या भागाबद्दल बरंच वाचलं होतं, पण हे नाही. घरी येऊन मोजलं. क्लॅरिनेट आठ मात्रागण वाजवतो, वाद्यवृंद तेच आठ परत वाजवतो. मग पुन्हा क्लॅरिनेट आठ, पुन्हा वाद्यवृंद आठ. एरवी याला रचनेची समतोल बांधणी म्हणतात. काकांनी तिथे काळजी पाहिली. मोझार्टला माहीत होतं की स्टॅडलर माणूस आहे, त्याला दम लागतो. त्यानं तो दम लपवला नाही, तर गाण्यातच त्याला जागा करून दिली. पुढे हीच ओळ अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल अशी परत येते. तिथे तर वादक श्वास राखून ठेवून वाजवतो आहे हे कळतं. आमची सनई श्वास लपवते आणि अखंडपणाचा भास निर्माण करते. देवापुढे अखंडच हवं. मोझार्टची मैफल माणसांपुढची आहे. दोन्हींत श्रेष्ठ कोण हा प्रश्न मला पडत नाही. पण सूर्त धरणारा पुतण्या आणि ते आठ मात्रागण सांभाळणारा वाद्यवृंद यांचं काम एकच आहे, हे मला काकांमुळे कळलं.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण शोधायचं तर तेरेखोल ओलांडून पलीकडे जावं लागतं. कुडाळजवळच्या सोनवड्याचे वसंत देसाई. 'अमर भूपाळी'चे, 'झनक झनक पायल बाजे'चे. १९५९ मध्ये विजय भट्टांच्या 'गूंज उठी शहनाई'ला त्यांचं संगीत होतं. पडद्यावर सनई राजेंद्रकुमारच्या हातात, आवाज बिस्मिल्ला खाँसाहेबांचा. त्यात सनई आणि सतार यांची जुगलबंदी आहे, सतार अब्दुल हलीम जाफर खाँ यांची. लोकांच्या तोंडी राहिली ती लताबाईंची भैरवीतली आणि बिहागातली गाणी, ते ठीकच आहे. मला मात्र वसंत देसाई मोठे वाटतात ते जिथे फक्त सनई आहे तिथे. संगीतकार तिथे बाजूला उभा राहतो. खाँसाहेबांसारख्या माणसाला सूर लिहून द्यायचे नसतात. त्यांच्यासाठी प्रसंग तयार करायचा आणि मग गप्प राहायचं. मोझार्ट बाजूला होत नाही. प्रत्येक स्वर तो स्वतः लिहितो, पण लिहितो त्या एका माणसाच्या छातीच्या मापानं. दोन्ही वाटांनी एकच अडचण येते: तो माणूस गेला की उरतं काय? खाँसाहेबांच्या बाबतीत तबकडी उरली. स्टॅडलरच्या बाबतीत एक दुरुस्त केलेली प्रत.

आणि काकांच्या बाबतीत? पेडण्याच्या मालप्याचं नाव लावणाऱ्या अंजनीबाई मालपेकरांना १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. गोव्याच्या गायिकांची नावं महाराष्ट्राला पाठ आहेत. सनईवाल्यांची नावं गावाबाहेर कुणाला माहीत नाहीत. देवळाच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर फरशी दिली त्याचं नाव, पंखा दिला त्याचंही नाव. ज्यानं पन्नास वर्षं पहाट वाजवली त्याचं नाही. तो मानकरी, त्याला कसली पाटी!

मला इथे बोलायचा फार अधिकार नाही. माझ्या मुलीचं लग्न डिचोलीतल्या एका हॉलमध्ये झालं तेव्हा मुहूर्ताला आम्ही सीडी लावली, बिस्मिल्ला खाँची. आवाज स्वच्छ, वेळेवर सुरू, वेळेवर बंद. जेवणाच्या पंगतीची घाई नाही, बिदागीची घासाघीस नाही. काकांना मी पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते आले, पुढच्या रांगेत बसले, आणि मुहूर्ताच्या वेळी सीडीतली सनई लागली तेव्हा मान खाली घालून ऐकत राहिले. नंतर मला म्हणाले, "चांगली वाजवतात." मी त्या वेळी खूश झाले. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. जगातला सर्वांत चांगला सनईवाला मी आणला होता, आणि त्यानं माझ्या मुलीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. अक्षता पडायला उशीर झाला असता तर तो थांबलाही नसता.

काकांच्या देवळात दोन वर्षांपूर्वी आरतीचं यंत्र बसलं. बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा एकदम सुरू होतात. समितीतली माणसं वाईट नाहीत. पुतण्याला म्हापशाला कारखान्यात काम लागलं, तो रोज संध्याकाळी येणार कुठून? सूर्त धरायला कुणी नसेल तर काका एकटे काय करतील? यंत्राला पत्ती भिजवावी लागत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या यंत्राच्या तालात सनई बसत नाही, कारण यंत्र कुणासाठी थांबत नाही. काकांनी दोनदा प्रयत्न केला, आणि मग फक्त सणाला यायचं ठरवलं. १८०१ च्या प्रकाशकांचंही तेच झालं होतं. लांब नळी सगळ्यांकडे नाही, मग सूरच बदला. दोन्हीकडे कारण सोयीचं आहे आणि वाजवी आहे.

तर गेल्या वर्षी मी काकांना म्हटलं, तुमचं थोडं रेकॉर्ड करून ठेवते. ते म्हणाले, "कुठलं? पहाटेचं, पालखीचं, की देव आत घेतानाचं?" मला तिन्हींत फरक आहे हेच माहीत नव्हतं. मी म्हटलं, जे आज होईल ते. पुतण्याची सुट्टी होती, तो आला. देव आत घेतानाचं वाजवलं. त्यात एका जागी सनई तिच्या तळाच्या स्वरावर येते आणि तिथेच रेंगाळते, वर जायला तयारच होत नाही. मी विचारलं, इथे एवढं का थांबायचं? काका म्हणाले, पालखीचे भोई पायऱ्या चढत असतात, ते वर पोचेपर्यंत.

ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. नऊ मिनिटं. सात मिनिटांनंतर आरतीची वेळ झाली आणि कुणीतरी बटण दाबलं, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत काका खालच्या स्वरावर आहेत आणि वरून घंटा वाजते आहे.